वासरांची हगवण आणि घाईची अँटिबायोटिक

पावसाळ्यात कामठी, मौदा, कुहीकडच्या गोठ्यांत आठ-पंधरा दिवसांच्या वासरांना पिवळी, पाण्यासारखी हगवण लागते. वासरू ढाळू लागले की पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे. दुकानदार जनावर न बघताच अँटिबायोटिकची गोळी हाती ठेवतो आणि आपणही ती निमूटपणे पाजतो! पण या वयातली हगवण अनेकदा क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीची असते आणि जिवाणूंवरचे औषध त्याच्यावर चालत नाही. उलट जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वासराच्या आतड्यात वस्ती करू लागलेले उपयोगी जिवाणू त्या गोळीने मरतात. रोगजंतूंना जागा न देणारे राखणदारच गेले, तर पुढे काय? अशा वासराला आधी ग्लुकोज आणि क्षारांचे द्रावण वारंवार पाजावे, दूध तोडू नये आणि डॉक्टरला दाखवावे.

चिकाचेही तेच. जार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही समजूत अजून गेलेली नाही. वासराचे आतडे चिकातली प्रतिकारद्रव्ये जेमतेम पहिले 24 तास शोषते, त्यातही सुरुवातीचे सहा तास मोलाचे. खरवस नंतर खा की!

हा परजीवी माणसालाही लागतो आणि क्लोरीनला दाद देत नाही, त्यामुळे गोठ्यात हात घालणाऱ्या लेकरांचे हात साबणाने धुवावेत. पशुवैद्यक विद्यापीठ नागपुरातच आहे. वासरांच्या शेणाची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात सुरू व्हावी, एवढी मागणी.

— एक पशुपालक, नागपूर