कोबी नव्हे, जंत बाळगणारा माणूस शोधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की ‘कोबीतली अळी मेंदूत जाते’ हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो आणि घराघरांतून कोबी हद्दपार होतो. कोबीवरची हिरवी अळी ही पतंगाची पिल्लू-अवस्था. ती चुकून पोटात गेली तर पचून जाते. मेंदूत गाठी करतो तो टीनिया सोलियम हा पट्टकृमी (पट्टीसारखा चपटा जंत), आणि त्याची अंडी येतात ती फक्त माणसाच्या विष्ठेतून.

इथे दोन वाटा आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते. डुकराच्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे, म्हणजे या जंताच्या पिल्लांच्या गाठी, असू शकतात. ते खाल्ले की आतड्यात दोन-चार मीटर लांबीचा जंत वाढतो आणि साधारण दोन महिन्यांनी त्याची अंडी शौचावाटे पडू लागतात. ही अंडी कुणाच्या तोंडात गेली, तर त्यातून निघालेली पिल्ले आतड्याची भिंत भेदून रक्तातून स्नायू, डोळा, मेंदू गाठतात. म्हणूनच जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही मेंदूत गाठी होऊन आकडी येते. जंत एकाच्या पोटात असतो, गाठी दुसऱ्याच्या डोक्यात होतात. ज्याच्या पोटात जंत आहे त्यालाही स्वतःच्याच हातातून ही लागण होऊ शकते. (बकऱ्याच्या मटणातून किंवा कोंबडीतून हा जंत होत नाही.)

कोबीचा दोष असलाच तर इतकाच, की नाल्याच्या पाण्यावर पिकलेल्या भाजीच्या पानांच्या घड्यांत अंडी चिकटून बसतात. मीठ, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट, क्लोरीन यांनी ती खात्रीने मरत नाहीत. वरची दोन-तीन पाने टाकून बाकीचे एकेक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. अंडी निघतात ती चोळण्याने. शिजवलेल्या भाजीत धोका उरत नाही. जपायचे ते कोशिंबिरीला आणि चायनीज भेळेवर भुरभुरलेल्या कच्च्या कोबीला. पण भाजीपेक्षाही महत्त्वाचे आहेत स्वयंपाक करणाऱ्याचे हात. शौचाहून आल्यावर साबण, आणि नखे कापलेली. मेस आणि वसतिगृहांत याकडे कुणी बघत नाही.

शौचात पांढऱ्या, चपट्या, नाडीच्या तुकड्यासारख्या पट्ट्या दिसल्या तर लाजेने पाणी ओतून मोकळे होऊ नका. हातमोजा किंवा काडी वापरून तुकडा झाकणाच्या बाटलीत घ्या आणि प्रयोगशाळेत द्या. डुकराच्या आणि गोवंशाच्या मांसातून होणाऱ्या पट्टकृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. ओळख पटते ती तुकड्यातल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजून: एका बाजूला साधारण सात ते तेरा असतील तर डुकराचा, त्याहून जास्त असतील तर दुसरा. अंडी रोज पडत नाहीत, म्हणून एका नमुन्यावर ‘काही नाही’ म्हणू नये. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने तपासावेत.

उपचार सोपा आहे, पण स्वतःच्या मनाने करण्यासारखा नाही. आतड्यातल्या जंतासाठी प्राझिक्वांटेल, वजनाच्या दर किलोला 5 ते 10 मिलिग्रॅम, एकदाच. किंवा प्रौढांना निक्लोसामाइड 2 ग्रॅम, चावून, एकदाच. निक्लोसामाइड आतड्यातून फारसे शोषले जात नाही. प्राझिक्वांटेल आणि अल्बेंडाझोल (जंतावरचे आणखी एक औषध) मात्र मेंदूपर्यंत पोचतात. मेंदूत गाठ असेल आणि ठाऊक नसेल, तर ती मरताना भोवती सूज येते आणि आकडी येऊ शकते. म्हणून आकडी किंवा जुनी, तीव्र डोकेदुखी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. औषधानंतर एक आणि तीन महिन्यांनी शौच पुन्हा तपासावे, कारण जंताचे डोके आत राहिले तर तो पुन्हा वाढतो.

मेंदूतल्या गाठीचे उपचार वेगळे. आधी डोळ्यांची तपासणी, मग स्टिरॉइडच्या आधाराने 10 ते 14 दिवस अल्बेंडाझोल, आणि आकडीची गोळी चालूच. गाठ चुन्यासारखी कडक झाली असेल तर जंताच्या औषधाचा उपयोग नाही. स्कॅनवर एकच गाठ दिसली की घरचे लोक कॅन्सर समजून हबकतात. आपल्याकडे अशी गाठ बहुधा मरत चाललेल्या जंताची किंवा क्षयाची असते, आणि जंताची असेल तर अनेकदा काही महिन्यांत विरते.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी गोल, अंकुश आणि चाबूक कृमींसाठी आहे. तेवढ्याने पट्टकृमी खात्रीने जात नाही. पालकांनी त्या भरवशावर राहू नये.

मेंदूत जंताची गाठ सापडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांची, स्वयंपाकाला येणाऱ्या माणसासह, शौचतपासणी व्हायला हवी. आज रुग्णाला गोळ्या देऊन घरी पाठवतात आणि जंत बाळगणारा माणूस त्याच घरात पोळ्या लाटत राहतो. जिल्हा आरोग्य यंत्रणेने ही तपासणी मोफत आणि सक्तीची करावी, अशी आमची मागणी आहे.

आपले,
वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करणारे काही वाचक