रिपोर्टमधली शिरेची ओळ वाचून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या पत्नीचं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं. वर्षभर ती चांगली होती. जून २०२४ पासून तिला डांबरासारखी काळी शौचास होऊ लागली. संकोचापायी तिने पंधरा दिवस कोणाला सांगितलं नाही. एके दिवशी जिना चढताना तिसऱ्याच पायरीवर बसली, तेव्हा आम्हाला कळलं. हिमोग्लोबिन ५.८ निघालं.

मग दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, बदली रक्त द्यायला कोपरीतल्या मंडळाच्या पोरांना हाका मारायच्या, असं चार महिने चाललं. दुर्बीण दोनदा घातली, वरूनही आणि खालूनही. काही सापडलं नाही. त्यातच पोटात पाणी भरू लागलं. परकराची नाडी पुरेना, म्हणून सेफ्टी पिनेला अडकवून मीच तिला लांब नाडी ओवून दिली. महिन्याभरात तीही अपुरी पडली. ‘कॅन्सर परत आलाय, आता असंच चालणार,’ एवढंच उत्तर मिळायचं.

अखेर रिपोर्टची पिशवी घेऊन मी मुंबईतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुलैमधल्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. पोर्टल व्हेन अरुंद झाली आहे आणि भोवती शिरा फुगल्या आहेत, असं तिथे लिहिलेलं होतं. तोवर तो कागद तीन डॉक्टरांच्या हातातून गेला होता. त्या ओळीबद्दल आमच्याशी कोणी चकार शब्द बोललं नव्हतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

आतड्यांचं आणि प्लीहेचं रक्त पोर्टल व्हेन या शिरेतूनच यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तातला साधारण पाऊण वाटा तिचा. ती स्वादुपिंडाच्या मागूनच जाते, त्यामुळे तिथली गाठ तिला आवळते. मी एकतीस वर्षं पाणीखात्यात वॉलमन होतो, मला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. मेन लाईन चेपली की मागे प्रेशर वाढतं, पाणी बारक्या लाईनींत घुसतं आणि त्यातलीच एखादी फुटते. ऑपरेशनमध्ये जोडलेल्या आतड्याच्या वळणात शिरा अशा फुगल्या होत्या, आणि नेहमीची दुर्बीण तिथवर पोचतच नव्हती.

नोव्हेंबरमध्ये इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीच्या, म्हणजे स्कॅनवर बघत सुईच्या वाटेने इलाज करणाऱ्या, डॉक्टरांनी त्या शिरेत स्टेंट बसवला. पोट उघडावं लागलं नाही. सोनोग्राफीवर बघत, उजव्या बरगड्यांमधून यकृतात सुई घालून ते शिरेपर्यंत गेले. अरुंद भागाच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजला, मग धातूची जाळी तिथे उघडली आणि निघताना सुईची वाट बंद केली. नंतर रक्त पातळ करायचं औषध लिहून दिलं, तेव्हा मी घाबरलो. जिचं रक्त जातंय तिला हे औषध कसं द्यायचं? डॉक्टर म्हणाले, रक्त दाबामुळे जात होतं, तो दाब आता उतरलाय. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर मात्र सगळं पुन्हा सुरू होईल.

त्यानंतर तिला एकदाही रक्त चढवावं लागलं नाही. पोटातलं पाणी दीड महिन्यात ओसरलं, जुनी नाडी परत परकरात आली. संध्याकाळी ती तलावपाळीवर एक फेरी मारून यायची. कॅन्सर त्याच्या गतीने वाढतच होता, स्टेंटने तो बरा होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ती गेली. पण ते नऊ महिने तिला अंथरुणावर काढावे लागले नाहीत.

हा इलाज सगळ्यांना लागू पडत नाही. शिरेच्या यकृतातल्या फांद्याही बंद झाल्या असतील, तर स्टेंटमधून आलेल्या रक्ताला पुढे जायला वाट उरत नाही. पोटाच्या अस्तरावर कॅन्सर पसरल्याने साठलेलं पाणीही त्याने हटत नाही. ते तपासून ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, पण त्यासाठी कोणीतरी तपासायला तर घ्यावं! कॅन्सरच्या रुग्णाच्या रिपोर्टात ही शीर अरुंद झाल्याचं लिहिलेलं असेल, तर रुग्णालयाने ती ओळ घरच्यांना वाचून दाखवावी आणि सीटीच्या फिल्म इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टना दाखवाव्यात. स्वतःकडे तो विभाग नसेल, तर चिठ्ठी देऊन परळच्या टाटा मेमोरियलसारख्या, तो विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावं. आमचे जुलै ते नोव्हेंबर हे चार महिने फुकट गेले, आणि तिच्याकडे तेवढे महिने वाया घालवायला नव्हते.

स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या घरी काळी शौचास होतेय आणि दुर्बिणीत काही सापडत नाही, त्यांनी पुढच्या भेटीला सीटीची फिल्म बरोबर न्यावी आणि ‘पोर्टल व्हेन मोकळी आहे का?’ एवढं नक्की विचारावं.

– एक निवृत्त पाणीखाते कर्मचारी, कोपरी, ठाणे (पूर्व)