नाताळच्या चित्रातली गव्हाची पेंढी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या नाताळ पुरवणीत ह्यूगो व्हान डेर गूस या फ्लेमिश चित्रकाराचे येशूजन्माचे चित्र छापल्याबद्दल आभार. मात्र, बहुधा जागेअभावी, चित्राचा खालचा भाग कापला गेला आणि ओळ दिली ती 'आनंदाचा क्षण' अशी. खेड्यातल्या वाचकाने जे सर्वांत आधी ओळखले असते तेच कात्रीत गेले, म्हणून हे पत्र.

१४७५च्या सुमारास रंगवलेले हे चित्र फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. त्यात बाळ गव्हाणीत नसून उघड्या जमिनीवर पडलेले आहे. मरिया हात जोडून त्याच्याकडे पाहते, पण तिच्या चेहऱ्यावर हसू नाही. समोर, चौकटीच्या अगदी कडेला, गव्हाची बांधलेली पेंढी आणि फुलांची दोन पात्रे आहेत. ही पेंढी कोठ्यातल्या जनावरांसाठी टाकलेला चारा नव्हे. क्रूसावरच्या मरणाआधीच्या शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने गव्हाची भाकर मोडून ती आपले शरीर असल्याचे सांगितले, आणि ख्रिस्ती उपासनेत ती भाकर आजही मोडली जाते. म्हणजे जन्मलेल्या बाळाशेजारीच चित्रकाराने त्याचे बलिदान मांडून ठेवले आहे. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, असे योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी आहे. रब्बीचा गहू पेरणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. शिवाय हे चित्र एका रुग्णालयाच्या चर्चसाठी करवून घेतलेले होते, त्यामुळे ते ज्यांच्यासमोर राहणार होते त्यांना जन्ममरणाची ही जवळीक नवी नसावी.

ही एकट्या चित्रकाराची लहर नाही. रोखिर व्हान डेर वेडेन याने सुमारे वीस वर्षे आधी रंगवलेल्या, आता म्युनिकमध्ये असलेल्या चित्रात पूर्वेकडचे ज्ञानी बाळाच्या दर्शनाला आले आहेत आणि पडक्या कोठ्याच्या मधल्या खांबावर चक्क क्रूस टांगलेला आहे. कालक्रम पाहणाऱ्याला ही चूक वाटेल. चित्रकाराने ती जाणूनबुजून केली आहे. त्या ज्ञानी लोकांनी आणलेला गंधरसही प्रेताला लावण्याचा, हे जाता जाता सांगतो.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतली येशूजन्माची चित्रे मला याहून धीट वाटतात. तिथे बाळाला पट्ट्यांनी असे गुंडाळलेले असते की ते कफनच वाटावे, गव्हाण दगडी शवपेटीसारखी आणि मागची गुहा काळीकुट्ट. उलट मरियेच्या मृत्यूच्या चित्रात ती शय्येवर निश्चल पडलेली असते आणि मागे उभा असलेला येशू तिचा आत्मा हातांत धरतो, तोही कापडात गुंडाळलेल्या तान्ह्या बाळाच्या रूपात. पहिल्या चित्रात आईच्या जवळ असलेले लेकरू दुसऱ्यात आईलाच लेकरासारखे उचलून घेते.

आमच्याकडच्या जिल्हा परिषद शाळांत पुरवण्यांतली अशी कात्रणे फलकावर चिकटवली जातात आणि पुष्कळ मुलांना मोठ्या चित्रकाराचे काम पाहायला मिळते ते तिथेच. तेव्हा पुढच्या वेळी चित्र लहान छापावे लागले तरी चालेल, पण ते पूर्ण छापावे आणि खाली चित्रकाराचे नाव, साल व ठिकाण द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ