तीन खोल्यांचा नसता उद्योग

मा. नगरविकास मंत्री, कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळुरू यांना,

साहेब, नमस्कार. मी बेळगावचा, अनगोळातला. रिटायर माणूस आहे. वरच्या मजल्यावर तीन खोल्या काढल्यात, त्यात उद्यमबागेकडच्या कॉलेजची पाच पोरं राहतात, अकरा महिन्यांचा बॉण्ड करून देतो, घरपट्टी पाणीपट्टी वेळेत भरतो. आजवर हे असंच चालत आलं. आता गल्लीत कुणीतरी उठवलं की भाड्यानं द्यायला लायसन्स काढावं लागतंय, नाहीतर दंड. म्हटलं भानगड नको, आपणच जाऊन विचारूया.

एका कचेरीत गेलो. पहिल्या टेबलावर मी विचारलो तर म्हणाले फॅमिलीला दिलात तर काही नको. बरं. खरं पोरं आहेत म्हटल्यावर दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले मग ते पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट, झालं की हो, ट्रेड लायसन्स लागणार. तिसऱ्यानं विचारलं जेवण देता काय? नाही म्हटलं, पोरं मेसला जातात. मग तो गप्पच बसला आणि जेवायला गेला. बाहेर एक एजंट उभा होता, त्याला मात्र सगळं माहीत होतं, रेटसकट.

फॉर्म घरी आणला. वर लिहिलंय 'उद्दिमे परवानगी'. परवानगी कळलं, तो शब्द तुमचा आमचा एकच. उद्दिमे म्हणजे उद्योगधंदा, हे शेजारच्या कन्नड मास्तरांनी सांगितलं. बायको म्हणाली, बगा, हा नसता उद्योग तुम्हाला कुणी सांगितलाय! मला कन्नड येतं साहेब, रविवार पेठेत निम्मा व्यवहार कन्नडमध्येच होतो, त्याबद्दल तक्रार नाही. खरं फॉर्मवरचं कन्नड मास्तरांनाही दोनदा वाचावं लागलं. भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं केंद्राचं पत्रक १९५६ सालचं आहे, एवढी एक आठवण करून देतो आणि भाषेचा विषय सोडतो, नाहीतर मूळ मुद्दा बाजूला राहून वेगळंच सुरू होईल, आमच्याकडे त्याला वेळ लागत नाही.

मुद्दा हा की रेघ कुठं आहे ते सांगा. पीजी चालवणाऱ्यानं लायसन्स काढावं हे मला पटतं, चार मजले, एकेका खोलीत सहा खाटा, एकच जिना, आग लागली तर पोरं बाहेर कशी पडणार, तिथं तपासणी पाहिजेच. पण किती खोल्या, किती माणसं, जेवण धरून की सोडून, हे कुठंतरी आकड्यात लिहा. जीएसटीवाल्यांना जमलं ना, २०२४च्या जूनमध्ये कौन्सिलनं ठरवलं, माणशी महिना वीस हजारांपर्यंत भाडं आणि सलग नव्वद दिवस राहणं असेल तर हॉस्टेलला टॅक्स माफ. दोन आकडे दिले की माणूस घरबसल्या समजून घेतो.

आणि तुमच्याच सरकारचं उदाहरण देतो. २०२३ला गृहज्योती आणलात तेव्हा भाडेकरूंनाही दोनशे युनिटपर्यंत वीज फुकट दिलात, वीज कनेक्शनचा आर आर नंबर आणि आधार ऑनलाइन जोडलं की काम झालं. वीज द्यायच्या वेळी भाडेकरू कोण हे मोबाईलवर कळलं, मग लायसन्सच्या वेळी तीन टेबलं कशाला?

पोरं आता विचारूलायत, काका पुढच्या वर्षी खोली आहे ना? काय सांगू? एका खोलीला तर मी आत्ताच कुलूप घातलोय, भीतीनंच. डिसेंबरात अधिवेशनाला तुम्ही इथं बेळगावच्या सुवर्णसौधला येताच. एक पानाचा नियम, कन्नडात आणि मराठीत, तेवढा घेऊन या. कुलपाची किल्ली खिळ्यालाच अडकवून ठेवलीय.

आपला,
अनगोळचा एक घरमालक