प्रेसवरची दोन बटणे

महोदय,

भोसरीतील एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा यंत्राने दाबून आकार देणाऱ्या कारखान्यात, मी अनेक वर्षे काम केले. पॉवर प्रेसला दोन बटणे असतात, ती एकाच वेळी दाबताना कामगाराचे दोन्ही हात डायबाहेर (साच्याबाहेर) राहावेत म्हणून. माझ्या शेजारच्या प्रेसवर मात्र नग जास्त निघावेत यासाठी एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले होते. तेथे एका कंत्राटी मुलाची दोन बोटे गेली आणि नोंद झाली ती त्याच्या निष्काळजीपणाची. हे मला आजही सलते. यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण (गार्ड) हवे, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 21 मध्येच सांगितले होते. मालकांनी पाळीआधी दोन्ही बटणे तपासावीत आणि गार्ड नसलेल्या यंत्रावर काम नाकारणाऱ्याचा खाडा धरू नये, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त प्रेस ऑपरेटर, भोसरी