अभ्या, काकांना बर्फात का नाही ठेवलं ते सांगते

अभ्या,

फोनवर तुझा आवाज भरून आला आणि मग मलाही काही सुचेना, म्हणून आता ड्युटी संपवून घरी आल्यावर सावकाश लिहितेय. तुझा प्रश्न एकच होता ना, बाबांना ३३ डिग्री सेल्सियसवर थंड का नाही करत, ठाण्यात सोय नाही म्हणून का, मुंबईला शिफ्ट करू का? नको करूस. हार्ट थांबून परत सुरू झालंय पण अजून शुद्ध नाही अशा पेशंटला अँब्युलन्समधून हलवणं हीच मोठी रिस्क आहे आणि काकांचं जे चाललंय ते बरोबर चाललंय, मी स्वतः चार्ट बघितलाय.

थंड केलं की मेंदू वाचतो, हे तू वाचलंस ते खोटं नाहीये. २००२ मध्ये दोन अभ्यास एकदमच आले, एक युरोपातला, एक मेलबर्नचा. हार्ट परत सुरू झालंय पण शुद्ध नाही अशा पेशंटना त्यांनी ३२ ते ३४ डिग्रीच्या आसपास ठेवलं, युरोपात २४ तास, मेलबर्नला १२. युरोपात थंड केलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांचा मेंदू बऱ्यापैकी शाबूत राहिला, बाकीच्यांत ३९ टक्केच. एवढा फरक दिसल्यावर सगळ्या जगाने ते उचललं. मी आयसीयूत नवीन होते तेव्हा आम्हीही काखेत, जांघेत, मानेशी बर्फाच्या पिशव्या ठेवायचो, फ्रीजमधलं सलाईन लावायचो.

त्यामागचं कारणही पटण्यासारखंच आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के, त्यामुळे रक्त थांबलं की चार-पाच मिनिटांत नुकसान सुरू. आणि गंमत अशी की रक्त परत सुरू झालं म्हणजे संपलं असं नसतं, आपल्याकडे पाणीकपातीनंतर नळ सोडला की आधी गढूळच येतं ना, तसं परत आलेल्या रक्ताबरोबर पेशींमध्ये नको ती रसायनं तयार होतात, कॅल्शियम आत घुसतं, सूज येते, आणि हे तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस चालू राहतं. टेम्परेचर एक डिग्री उतरलं की मेंदूची भूक साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी होते. म्हणून थंड करायचं.

मग ते थंड करणं का थांबवलं? कारण त्या जुन्या अभ्यासात ज्यांना थंड केलं नव्हतं त्यांचा ताप कोणी नीट रोखलाच नव्हता, बऱ्याच जणांचं टेम्परेचर ३७ च्या वर गेलं होतं. मग फायदा थंडीचा होता की ताप न येण्याचा? २०१३ मध्ये ३३ विरुद्ध ३६ करून बघितलं, काही फरक नाही. २०२१ मध्ये जवळजवळ १९०० पेशंटवर ३३ विरुद्ध नुसता ताप रोखणं, सहा महिन्यांनी मृत्यू ५० टक्के आणि ४८ टक्के, म्हणजे सारखेच, उलट थंड केलेल्यांत हार्टचे ठोके बिघडण्याचं प्रमाण जास्त. हा निम्म्याचा आकडा वाचून तुला धस्स होईल, पण तुझ्यापासून लपवायचं नाही असं मी ठरवलंय. ज्यांच्या हार्टचा रिदम विजेचा शॉक देण्यासारखा नसतो अशांना ३३ चा थोडा फायदा २०१९ च्या एका फ्रेंच अभ्यासात दिसला होता, म्हणून काही डॉक्टर अजूनही थंड करतात, वाद पूर्ण मिटलेला नाही. पण काकांना तो शॉक दिला आणि त्यावरच हार्ट परत आलं, ते त्या गटात येत नाहीत.

आणि ती नॉर्वेची केस तू पाठवलीस, आना बोगेनहोल्म, १९९९, १३.७ डिग्रीवरून वाचली ती. अरे ती आधी बर्फाखालच्या पाण्यात गार पडली आणि मग तिचं हार्ट थांबलं. काका उपवनला मॉर्निंग वॉकला अंगात नेहमीची ऊब असताना पडले. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नकोस.

काकांचं टेम्परेचर मात्र कोणी वाऱ्यावर सोडलेलं नाही. लघवीच्या नळीतच सेन्सर आहे, मी होते तेव्हा मॉनिटरवर ३६.८ होतं. अंगाखाली-अंगावर पाणी फिरणारं ब्लँकेट आहे, ३७.५ च्या वर जाऊ द्यायचं नाही हे टार्गेट. काकू घाबरल्या, म्हणाल्या एकीकडे गार ब्लँकेट आणि पायात लोकरीचे मोजे, हे काय चाललंय? बरोबरच आहे ते. हातपाय उबदार ठेवले की कुडकुडणं कमी होतं, आणि कुडकुडणं आम्हाला अजिबात नको असतं, त्यात अंग तापतं आणि ऑक्सिजन उगाच खर्च होतो. तिथली सिस्टर मधूनमधून त्यांच्या जबड्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघत होती. ते बघूनच माझा जीव भांड्यात पडला, जिथे सिस्टर जबडा चाचपते तिथे लक्ष आहे.

काकांच्या मेंदूसाठी सगळ्यात मोठं काम तर १०८ यायच्या आधीच झालंय. त्यांच्या वॉकिंग ग्रुपमधल्या बाईंनी लगेच छाती दाबायला घेतली आणि अँब्युलन्स येईपर्यंत आलटून पालटून सगळे दाबत राहिले. आल्यावर त्यांना भेट.

आता महत्त्वाचं. तुझे मामा काल बाहेर बोलत होते की डोळे उघडत नाहीत, किती दिवस ठेवायचं, घरी नेऊ. त्यांना आजच फोन कर आणि थांबव. झोपेची औषधं चालू आहेत, काकांचं वय आणि किडनी बघता ती अंगातून जायलाच वेळ लागेल. मेंदूचा अंदाज निदान ७२ तास झाल्याशिवाय, औषधं उतरल्याशिवाय घेत नाहीत, आणि तेव्हाही एका टेस्टवर नाही, बुबुळं, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, एमआरआय असं सगळं जुळवून बघतात. मध्येच हातपाय झटकले किंवा डोळे अर्धवट उघडले तर कोणी त्याचा चांगला-वाईट अर्थ काढत बसू नका. डॉक्टरांशी बोललास की विचार, सेडेशन म्हणजे ती झोपेची औषधं कधी बंद करणार, ईईजी कधी, टेम्परेचर किती दिवस धरून ठेवणार. बाकी मला विचार.

तिकीट मिळेल ते काढ, फ्लाइटचा नंबर टाक, दादा एअरपोर्टवर येईल. काकूंना मी घरी घेऊन आलेय, थोडा वरणभात खाल्ला, आता झोपल्यात.

तुझी,
शुभा