आई-बाबांना पत्र : चिनी चिन्हे आणि उजळणीची कार्डे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघांनी या वयात चिनी लिपी शिकायला घेतली याचा मला किती आनंद झाला आहे, हे फोनवर नीट सांगता आले नाही. बाबांचे म्हणणे असे की, काल पाठ केलेले चिन्ह आज अनोळखी वाटते. आईचे म्हणणे असे की, कार्डांचा ढीग रोज वाढतच जातो. या दोन्ही तक्रारींचे कारण मला तुमच्या वयात दिसत नाही, कार्डे वापरण्याच्या पद्धतीत दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा, आधी विसरण्याबद्दल. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, किती काळाने त्यातले किती शिल्लक राहते हे मोजले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने पुसले जाते आणि नंतर पुसण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. शिवाय विसरलेले पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी श्रम लागतात, हेही दिसले. १९७०च्या दशकात सेबास्टियान लाइटनर यांनी कप्प्यांच्या पेटीची पद्धत लोकप्रिय केली, ज्यात आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा परत येते, तर चुकलेले पहिल्या कप्प्यात येते. पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ साली हे काम संगणकाकडे सोपवले, आणि तुम्ही वापरता ते अंकी हे उजळणीचे अ‍ॅप २००६ पासून त्याच परंपरेत चालत आले आहे. आजच्या अंकीमध्ये कार्डांच्या तारखा ठरवणारे नवीन गणित (एफएसआरएस) सुरू केले की स्मरणाचे उद्दिष्ट मुळात ९० टक्के ठेवलेले असते, म्हणजे दहा कार्डांतले एखादे चुकणार, हे यंत्रणेने आधीच धरलेले असते. सगळीच कार्डे आठवू लागली तर ती गरजेपेक्षा लवकर दाखवली जात आहेत असा त्याचा अर्थ होतो. म्हणून बाबा, एखादे चिन्ह चुकले की कपाळाला हात लावू नका, आणि ते उद्दिष्ट ९७-९८ वरही नेऊ नका. उजळणीचे काम कितीतरी वाढते आणि हाती फार थोडे जास्त लागते.

उजळणीचा खरा लाभ उत्तर पाहण्यात नाही, ते स्वतः आठवण्याच्या प्रयत्नात आहे. कार्ड उलटण्यापूर्वी उच्चार सुरासकट, म्हणजे आवाजाच्या चढ-उतारासकट, मोठ्याने म्हणावा, अर्थ सांगावा, आणि मगच मागची बाजू पाहावी. दहा-पंधरा सेकंदांत काही सुचले नाही तर अडून न बसता कार्ड उलटावे आणि ते चुकले असे मानावे. ‘हे तर मला येतच होते’ असे उत्तर पाहिल्यावर वाटते, पण त्या वाटण्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणूनच एक आग्रहाची विनंती आहे : तुम्ही दोघांनी एकच खाते वापरू नये. आई विचार करत असताना बाबांनी उत्तर सांगितले, की आईच्या नावावर एक न आठवलेली आठवण जमा होते आणि ते कार्ड आईला हवे असते तेव्हा येत नाही. प्रत्येक कार्डाची पुढची तारीख एकाच माणसाच्या स्मृतीवरून ठरते. दोघांची सरासरी कोणाच्याच उपयोगाची नसते. आजवर ज्याने अधिक उत्तरे दिली आहेत त्याच्याकडे जुने खाते ठेवा, आणि दुसऱ्यासाठी तीच कार्डे वेळापत्रकाची माहिती वगळून निर्यात करा, म्हणजे त्याची सुरुवात कोरी होईल. एकत्र बसायचे असेल तर वाचनासाठी बसा. ते मला फार आवडेल.

उत्तर पाहिल्यावर अंकी दाखवते त्या चार बटणांपैकी पहिले, ‘अगेन’, हे विसरल्याचे आहे, आणि बाकी तिन्ही आठवल्याची आहेत. विसरल्यावर संकोचाने ‘हार्ड’ दाबले की, चिन्ह कष्टाने का होईना आठवले, असे गणित समजते आणि अंतर वाढवते. आई, तुझ्याकडून हे होत असावे अशी मला शंका आहे, कारण तीच तीच कार्डे बऱ्याच दिवसांनी तशीच कोरी समोर येतात असे तू म्हणालीस.

ढिगाबद्दल सांगायचे तर रोजची २० नवीन कार्डे ही मूळ मांडणी तुमच्यासाठी जास्त आहे. प्रत्येक नवीन कार्ड पुढच्या काही आठवड्यांत अनेकदा परत येते, त्यामुळे आजच्या उत्साहाचा भार महिन्याभराने जाणवतो. रोज पाच नवीन चिन्हे पुरेत, आणि तीही उजळणी संपल्यावरच घ्यावीत. या गतीने सुमारे दोनशे दिवसांत एक हजार चिन्हे होतात, आणि सर्वाधिक वापरातली हजार चिन्हे आधुनिक चिनी मजकुराचा सुमारे ९० टक्के भाग व्यापतात. चीनने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत एकूण ८,१०५ चिन्हे असली, तरी रोजच्या व्यवहाराचा पहिला स्तर ३,५०० चिन्हांचाच आहे.

आता कार्डांच्या आत काय असावे हे सांगते, आणि माझ्या मते सर्वांत अधिक लक्ष इथेच द्यायला हवे. दुसऱ्या कोणी केलेला हजारो कार्डांचा संच आयता घेण्यापेक्षा, जे तुम्ही वाचता त्यातून स्वतः कार्डे करा. चिन्ह म्हणजे रेघांचे जाळे असे समजून पाठ केले तर ते टिकत नाही; ते घटकांत फोडता आले पाहिजे. बहुसंख्य चिन्हांत एक घटक अर्थाकडे आणि दुसरा उच्चाराकडे बोट दाखवतो. ‘छिंग’ असा उच्चार सुचवणारा एक घटक घ्या : त्याच्या डावीकडे पाणी आले की ‘स्वच्छ’, सूर्य आला की ‘निरभ्र’, हृदय आले की ‘भावना’ आणि वाणी आली की ‘विनंती’, उच्चार चारही ठिकाणी छिंग, फरक असलाच तर फक्त सुराचा. तसेच घोड्याच्या ‘मा’ला स्त्री जोडली की आई होते, मुख जोडले की प्रश्न विचारणारा अव्यय होतो, आणि वर दोन मुखे ठेवली की रागावणे होते. म्हणून पाणी, हृदय, वाणी, स्त्री, मुख, झाड या घटकांची कार्डे आधी करा, आणि प्रत्येक नव्या चिन्हाच्या मागच्या बाजूला त्याचे घटक एका ओळीत लिहा. यापेक्षा जास्त मजकूर मात्र एका कार्डावर नको. एका कार्डाने एकच गोष्ट विचारावी.

पुढच्या बाजूला सुटे चिन्ह न ठेवता, जमेल तिथे शब्द ठेवा. एकच चिन्ह ‘लांब’ या अर्थी छांग वाचले जाते आणि ‘प्रमुख’ या अर्थी झांग. चीनच्या भिंतीच्या नावात, छांगछंगमध्ये, पहिला उच्चार येतो आणि मुख्याध्यापक या अर्थाच्या श्याओझांगमध्ये दुसरा. सुटे चिन्ह पाहून यातला कोणता उच्चार अपेक्षित आहे हे कोणालाही सांगता येणार नाही.

सारखी दिसणारी चिन्हे एकाच दिवशी शिकू नका. ‘अजून नाही’ आणि ‘शेवट’ यांत वरची आडवी रेघ आखूड की लांब एवढाच भेद आहे. ‘माती’ आणि ‘विद्वान’ यांत खालची रेघ मोठी की वरची, एवढाच. पहिले पक्के झाल्यावर दुसरे घ्यावे, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फरक विचारणारे एक वेगळे कार्ड करावे. अशा जोड्या हाताने लिहिल्या की डोळ्यालाही वेगळ्या दिसू लागतात. बाबांना सुंदर लिहायचे आहे, म्हणून त्यांनी अर्थावरून चिन्ह लिहिण्याची कार्डेही करावीत, रेघांचा क्रम पाळून. आईला वाचायचे आहे. तिने लेखन फक्त या फसव्या जोड्यांपुरते ठेवले तरी चालेल.

कार्डावरचा टंक मोठा करा, डोळ्यांना ताण नको. हस्तलेखनाशी जवळीक असलेला काइती टंक निवडा आणि कार्डाच्या साच्यात भाषा सरल चिनी अशी नोंदवा. युनिकोडमध्ये अनेक चिनी आणि जपानी चिन्हांचा संकेतांक एकच असल्यामुळे, नाहीतर फोन कधीकधी जपानी वळण दाखवतो.

एखादे कार्ड आठ वेळा विसरले गेले की अंकी त्यावर ‘लीच’, म्हणजे जळू, अशी खूण करते. ते हट्टाने तसेच चालू ठेवू नका. घटक, शब्द किंवा उदाहरण बदलून नवे कार्ड करा, नाहीतर ते चिन्ह वाचनात आपणहून पुन्हा भेटेपर्यंत सोडून द्या.

कधी आजारपणाने किंवा प्रवासाने खंड पडला आणि शेकडो कार्डे साचली, तरी संच पुसून पहिल्यापासून सुरुवात करू नका. नवीन कार्डांचा आकडा शून्यावर आणा, रोजच्या उजळणीला झेपेल अशी मर्यादा घाला आणि साठा हळूहळू उतरवा. उशीर होऊनही जे चिन्ह आठवते, त्याची आठवण अपेक्षेहून पक्की होती असे गणित धरते आणि त्याला पुढचे अंतर अधिक लांब देते. त्यामुळे त्यातली बरीच कार्डे नंतर पुष्कळ दिवस समोर येणार नाहीत.

कळावे,
तुमची लेक